ती एकनिष्ठच होती, मग तिला एचआयव्ही कसा झाला?

मासिक सभा संपत आली होती. पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, व्हरांड्यात चहा फिरत होता आणि आशाताई आपापली रजिस्टरं पिशवीत कोंबत होत्या. मी तेव्हा यवतमाळ जिल्ह्यात समुपदेशक होतो. नेहमीप्रमाणे एचआयव्हीवर पंधरा मिनिटं बोलून मोकळा झालो होतो. एका ताईंनी भिंतीवरच्या पोस्टरकडे हात केला. "सर, ह्याच्यावर त लिवलं हाय, जोडीदारासंग एकनिष्ठ राहा. आमच्या गावची थे बाई त एकनिष्ठच होती. मंग तिले काऊन झालं?"

उत्तर माझ्याकडे होतं, पण ते पोस्टरवर मावण्यासारखं नव्हतं. त्या बाईचा नवरा ट्रकवर क्लिनर होता. महिन्यातून चार-पाच दिवस घरी यायचा. तिनं स्वतःच्या वागण्यात काही बदलून हा आजार टळला असता, असं काहीच त्यात नव्हतं. विषाणू तिच्या घरात येण्याआधी दोन-तीन ठिकाणी अडवता आला असता. त्यातली एकही जागा तिच्या गावात नव्हती. एक हायवेवरच्या ढाब्याशी होती, एक माल भरायला ट्रक उभे राहतात त्या आवारात, आणि एक कुठल्यातरी तालुक्याच्या गावातल्या भाड्याच्या खोलीत.

एचआयव्ही रोखणारे कार्यक्रम वेगवेगळ्या लोकांसाठी वेगवेगळे का असतात, हे ह्या जागा पाहिल्या की कळतं.

आधी थोडं गणित

एचआयव्ही शरीराबाहेर फार टिकत नाही. रक्त, वीर्य, योनिस्राव, गुदद्वारातला स्राव आणि आईचं दूध यांतूनच तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. डासानं होत नाही, एका ताटात जेवून होत नाही, एकाच हापशीचं पाणी पिऊन होत नाही. हे सगळ्यांना पाठ आहे. तरी पॉझिटिव्ह माणसाच्या घरचा चहा कितीजण पितात, ते मी पाहिलेलं आहे.

कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट अशी, की प्रत्येक मार्गाचा धोका सारखा नाही. बाधित रक्त दिलं गेलं तर १०,००० पैकी सुमारे ९,२५० वेळा लागण होते. बाधित माणसाबरोबर एकच सुई वापरली तर १०,००० पैकी सुमारे ६३ वेळा. कंडोमशिवाय गुदमैथुनात स्वीकारणाऱ्या जोडीदाराला सुमारे १३८ वेळा, आणि कंडोमशिवाय नेहमीच्या स्त्री-पुरुष संबंधात स्त्रीला सुमारे ८ वेळा. पुरुषाला त्याच्या निम्म्यानं.

८ म्हणजे फारच कमी, असं वाटेल. पण हा आकडा एका वेळेचा आहे, आणि लग्नात संबंध वर्षानुवर्षं चालतात. त्यात कुणाला गुप्तरोगाची जखम किंवा सूज असेल तर धोका वाढतो. शिवाय ज्याला नुकतीच लागण झाली आहे, त्याच्या रक्तात पहिले काही आठवडे विषाणू प्रचंड असतो. नेमकं तेव्हा त्याला स्वतःला काहीच माहीत नसतं, फार तर दोन दिवस ताप येऊन गेलेला असतो. ठरावीक तपासणीतही तो सुरुवातीला निगेटिव्ह येऊ शकतो. ह्यालाच विंडो पीरियड म्हणतात. म्हणून धोका वाटला तर एक टेस्ट लगेच आणि दुसरी तीन महिन्यांनी करायला सांगतात.

भारतात एचआयव्ही १९८६ साली पहिल्यांदा चेन्नईत सापडला. आज देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि त्यांत सगळ्यात जास्त महाराष्ट्रात आहेत. पण हा आजार सगळ्या समाजात सारखा पसरलेला नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत गर्भवती स्त्रियांमध्ये हे प्रमाण ०.२८ टक्के होतं, कामासाठी बाहेर जाणाऱ्या मजुरांत ०.५१, लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांत ०.८६. देहविक्रय करणाऱ्या महिलांत १.५६, पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत २.६९, तृतीयपंथीयांत ३.१४ आणि सुईनं नशा घेणाऱ्यांत ६.२६ टक्के.

हे आकडे वाचून काही लोक लगेच म्हणतात, "म्हणजे हा त्यांचाच आजार." उलट आहे. विषाणू जिथं दाट आहे तिथून तो पातळ भागात झिरपतो. ट्रकचालक आणि मजूर त्या दोन भागांमधला पूल आहेत, आणि पुलाच्या अलीकडच्या टोकाला ती क्लिनरची बायको बसलेली आहे. ज्यांच्याकडे शेत आहे त्यांना मी ठिबकचं उदाहरण द्यायचो. पाटानं पाणी सोडलं की धुऱ्यावरचं गवतही पोसतं आणि टोकाच्या झाडापर्यंत पाणी पोचतच नाही. ठिबक लावली की थेंब बुडाशी पडतो. गावोगावच्या भिंती रंगवणं हे पाटपाणी झालं. ज्यांना धोका जास्त आहे त्यांच्यापर्यंत कंडोम, तपासणी आणि औषध नेऊन पोचवणं, ही ठिबक.

सरकारी भाषेत ह्या ठिबकला 'लक्ष्यगट हस्तक्षेप प्रकल्प' म्हणतात. नाव जड आहे. त्याचं काम मात्र समजून घेण्यासारखं आहे.

ज्यांना सांगायचं, त्यांच्यातलंच कुणीतरी

देहविक्रय करणाऱ्या बायकांना "कंडोम वापरा" सांगणं फार सोपं आहे. पण कंडोम वापरायचा गिऱ्हाइकानं असतो आणि बाईकडे नाही म्हणायची ताकद नसते. ती नाही म्हणाली तर तो पुढच्या दारी जातो.

ह्यावर जगात दोन वेगळ्या वाटा निघाल्या. थायलंडनं १९८९ मध्ये एका प्रांतात आणि १९९१ पासून देशभर नियमच केला, की कुठल्याच कुंटणखान्यात कंडोमशिवाय संबंध होणार नाही. गिऱ्हाइकाला पुढचं दारच उरलं नाही. कंडोमचा वापर नव्वद टक्क्यांच्या वर गेला आणि सरकारी दवाखान्यांत येणारे गुप्तरोगाचे रुग्ण झपाट्यानं घटले. नियम वरून आला होता, आणि तो पाळला जातोय का हे पाहायला पोलीसही होते. वस्ती एका जागी होती म्हणून ते जमलं.

दुसरी वाट कोलकात्याच्या सोनागाची ह्या देहविक्रयाच्या वस्तीची. तिथं १९९२ साली डॉ. स्मरजित जाना यांनी काम सुरू केलं. लोकांना उपदेश करायला बाहेरून माणसं आणण्याऐवजी त्यांनी वस्तीतल्या बायकांनाच शिकवलं आणि दारोदारी पाठवलं. लवकरच त्यांच्या लक्षात आलं, की बायकांची पहिली अडचण आजार नाहीच. मालकिणीचं कर्ज, पोलिसांचा दांडका, पोरांची शाळा, गुंडांचा हप्ता, ह्या अडचणी आधी आहेत. १९९५ मध्ये त्या बायकांनी 'दुर्बार महिला समन्वय समिती' ही स्वतःची संघटना उभी केली. सगळ्याजणी मिळून नाही म्हणायला लागल्या, तेव्हा कंडोमला 'हो' मिळालं. आपल्या राज्यात सांगलीला 'संग्राम' ह्या संस्थेनं ह्याच धर्तीवर काम उभं केलं.

आता हे दोन्ही धडे घेऊन विदर्भातल्या एखाद्या तालुक्यात या. इथं वस्तीच नाही. नागपूरची गंगा-जमुना ही वस्ती सगळ्यांना माहीत आहे, पण ग्रामीण भागात हा व्यवसाय घरातून, फोनवरून आणि फाट्यावरून चालतो. तीच बाई सकाळी निंदणाला जाते, हंगामात कापूस वेचते, बचत गटाचा हप्ता भरते. ती स्वतःला त्या नावानं ओळखत नाही आणि तुम्ही ओळखलं तर ती दुसऱ्या दिवशी तालुका सोडेल. तिच्या पिशवीत कंडोमचं पाकीट सासूला सापडलं तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

म्हणून इथं सगळं काम पिअरवर चालतं. पिअर म्हणजे त्यांच्यातलीच एक, साधारण साठ बायकांमागे एक. कोणती बाई कधी घरी एकटी असते, कुणाचा फोन नवऱ्याकडे असतो, कुणाला महिन्याला किती कंडोम लागतात, हे तिला माहीत असतं. दर तीन महिन्यांनी ती त्यांना गुप्तरोगाच्या तपासणीला नेते, वर्षातून दोनदा एचआयव्ही आणि सिफिलिसच्या टेस्टला. बाहेर पाटी लावलेली असते 'महिला आरोग्य तपासणी'. एकदा एका पाहणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, पाटीवर प्रकल्पाचं नाव का नाही? पिअर म्हणाली, "नाव लिवा, मंग तुमीच बसा इथं तपासाले."

वस्ती जबरदस्तीनं मोडली की हे जाळं आधी तुटतं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पोलिसांनी गंगा-जमुनाचे रस्ते बंद केले, तेव्हा व्यवसाय बंद करण्याची भाषा खूप झाली. पण पांगलेली बाई लॉजवर, ढाब्यावर, दुसऱ्या गावात जाते आणि तिथं तिची पिअर नसते. कायद्यानंही पिअरच्या ह्या कामाला संरक्षण दिलं आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यात स्पष्ट म्हटलं आहे, की लागण रोखण्यासाठी कंडोम किंवा नव्या सुया वाटणं हा गुन्हा धरता येणार नाही. हे कलम प्रत्येक ठाण्याच्या भिंतीवर लावायला हवं, असं मला अजून वाटतं.

ढाबा, मिरची आणि होळी

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा हायवे बुटीबोरी, जाम, हिंगणघाट, पांढरकवडा असा पाटणबोरीवरून तेलंगणात उतरतो. कोळसा, सिमेंट, कापसाच्या गाठी, भाजीपाला, सगळं ह्याच रस्त्यानं. ट्रकवाला चालत्या गाडीत भेटत नाही. तो भेटतो गाडी उभी असताना. माल भरायचा नंबर लागेपर्यंत कधी एक दिवस जातो, कधी तीन. जेवण झालं, झोप झाली, आता करायचं काय? धोकाही त्या रिकाम्या वेळातच आहे आणि संधीही.

गेट्स फाउंडेशनच्या 'आवाहन' कार्यक्रमानं २००३ पासून महाराष्ट्रासह सहा राज्यांत काम केलं. त्यात हायवेवर ट्रकवाल्यांसाठी 'खुशी क्लिनिक' निघाली. नाव बघा, त्यात एड्स नाही, गुप्तरोगही नाही. कंबरदुखी, डोळ्यांची जळजळ, ॲसिडिटी, ज्याच्यासाठी ट्रकवाला खरोखर येईल ते सगळं तिथं तपासलं जायचं. मग बोलता बोलता लघवीची जळजळ निघायची, आणि तिथून पुढचं. कुठल्याही चांगल्या कार्यक्रमात हा आडमार्ग तुम्हाला दिसेल. माणूस आधी त्याच्या दुखण्यासाठी येतो, तुमच्या विषयासाठी नाही.

कंडोमचंही तसंच. निरोध १९६८ पासून आहे आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. पण रात्री दहाला दवाखाना बंद असतो आणि पानठेला चालू. म्हणून पानठेल्यावर, ढाब्याच्या गल्ल्यावर स्वस्तात कंडोम ठेवायची पद्धत आली. पुरुषांसाठी ही सोय चांगली आहे. बाईला मात्र पानठेल्यावर जाऊन काही मागता येत नाही, म्हणून तिच्यासाठी पिअर.

मजुरांची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण ते एका जागी सापडतच नाहीत. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्यातले लोक उन्हाळा लागता लागता तेलंगणात मिरची तोडायला जातात. मेळघाटातले कोरकू दिवाळीनंतर उतरतात आणि होळीला घरी परततात. पुसदकडच्या तांड्यांतून लोक ऊस तोडायला आणि पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर जातात. सगळीच जोडपी सोबत नसतात. एकटा पुरुष आठ-दहा जणांच्या खोलीत राहतो, आठवड्याचा पगार हातात येतो, दारू येते आणि मुकादम जे दाखवेल तेच गाव.

ह्यांच्यासाठी कार्यक्रम तीन ठिकाणी लागतो: गाव, वाट आणि कामाची जागा. कामाच्या जागी भाषेची अडचण येते. तेलुगू पोस्टर कोरकू माणसाला काय सांगणार? म्हणून गावाकडचं टोक महत्त्वाचं. शिबिर कधी घ्यायचं, ते पंचांगावर ठरतं. मेळघाटात जानेवारीत लावलं तर गावात म्हातारी माणसं आणि पोरं भेटतील. होळीच्या आठवड्यात लावलं तर सगळे भेटतात. ग्रामीण भागासाठी लिंक वर्कर योजना आली तीही ह्याच कारणानं. जिल्ह्यातली जास्त धोक्याची गावं निवडायची आणि तिथलेच तरुण-तरुणी नेमून घरोघरचा संपर्क ठेवायचा. चांगला लिंक वर्कर कोण कधी जाणार, कोण कधी येणार याचा हिशेब सरपंचापेक्षा नीट सांगतो.

नवरा कामाहून परतला की बायकोनं काय करायचं, हा प्रश्न तरी उरतोच. "कंडोम वापर म्हण" असं सांगितलं तर ती विचारते, "म्हणू तरी कसं? मग मले म्हणंल, तुलेच कोणी भेटला अशीन." इथं प्रामाणिकपणे कबूल करायला हवं, की ह्या बाईचं रक्षण करणारा सगळ्यात भरवशाचा उपाय नवऱ्याची तपासणी हाच आहे. तोही परत आल्या आल्या.

ओटीत मूल आणि हातात रिपोर्ट

बायकांच्या बाबतीत विदर्भाकडे एक जुना धडा आहे. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. आधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. अंगावरून पाणी जाणं, ओटीपोट दुखणं, हे 'बायकांचं असतंच' म्हणून सोडलेलं होतं. मी वर म्हटलं तसं, गुप्तरोगाच्या जखमेनं एचआयव्हीची वाट मोकळी होते. अंगावर काढलेलं दुखणं हासुद्धा एचआयव्हीच्या प्रतिबंधाचाच विषय आहे.

गावातल्या बहुतेक बाईची आयुष्यातली पहिली एचआयव्ही टेस्ट गरोदरपणातच होते. आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन व तपासणी केंद्र, ग्रामीण रुग्णालयात असतं. पीएचसीत आणि गावपातळीवर बोटाच्या रक्तावरची प्राथमिक टेस्ट होते. ती रिअॅक्टिव्ह आली म्हणजे बाई पॉझिटिव्ह, असं नाही. आयसीटीसीत तीन वेगवेगळ्या टेस्ट झाल्याशिवाय रिपोर्ट पक्का धरत नाहीत. मधल्या दोन दिवसांत आशाताईंच्या तोंडून शब्द निसटला तर पुढची वर्षं त्या बाईला भोगावी लागतात.

काहीच केलं नाही तर पॉझिटिव्ह आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. आईला वेळेवर औषध सुरू झालं, बाळाला जन्मल्यावर लगेच नेव्हिरापिनचं सिरप सुरू झालं आणि ते काही आठवडे नीट चाललं, तर ही शक्यता ५ टक्क्यांच्या खाली येते. आजच्या घडीला एचआयव्हीच्या प्रतिबंधात इतकं हमखास यश देणारं दुसरं काम क्वचितच असेल. बाळाची पहिली तपासणी सहाव्या आठवड्यात होते, टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर वाळवून. शेवटचा पक्का निकाल अठराव्या महिन्यात लागतो. पहिले सहा महिने फक्त आईचंच दूध. मध्येच गाईचं, मध्येच बकरीचं, आजीच्या सांगण्यावरून मध्येच मधाचं बोट, ह्या मिश्र खाण्यानं धोका वाढतो. माझ्या अनुभवात सगळ्यात अवघड समुपदेशन आईचं नाही, आजीचं असतं.

बाळंतपणाला माहेरी जायची आपली रीत आहे. औषध एका जिल्ह्यात सुरू आणि बाळंतपण दुसऱ्या जिल्ह्यात, अशा वेळी नोंद मागं राहते आणि सिरपचे पहिले दिवस हुकतात. आठव्या महिन्यात "माहेर कोणतं?" एवढं विचारलं आणि तिथल्या केंद्राला फोन केला, तर ते टळतं.

ज्यांच्याविषयी गाव बोलत नाही

"आमच्या गावात तसली माणसं नाहीत." पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांविषयी विचारलं की हेच उत्तर. ती असतात. बहुतेकांची लग्नं झालेली असतात, पोरंबाळं असतात. शहरातला मुलगा स्वतःला गे म्हणेल, गावातला कुठलंच नाव घेत नाही. त्यामुळे 'समलिंगी पुरुषांसाठी' अशी पाटी लावलेल्या ठिकाणी तो मरेपर्यंत येणार नाही. ह्यांच्यात धोका जास्त का, ते वरच्या आकड्यात आहे: ८ आणि १३८. गुदमैथुनात कंडोमबरोबर पाण्यावर आधारलेलं वंगणही लागतं. तेल किंवा व्हॅसलिन लावलं की कंडोम फाटतो. एवढी एक माहिती माणसाचं आयुष्य वाचवू शकते, आणि ती शाळेत, दवाखान्यात, कुठंच मिळत नाही. आता भेटीगाठी फोनवरच्या ॲपवर ठरतात, म्हणून पिअरही ॲपवरच बसतो.

तृतीयपंथीयांत गुरू-चेला ही मजबूत व्यवस्था आहे. गुरूनं मनावर घेतलं तर आख्खा गट टेस्टला येतो, नाही घेतलं तर एकही नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथीयांना ओळख दिली, २०१८ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमातून प्रौढांचे संमतीचे संबंध बाहेर काढले. कायदा बदलला म्हणून केसपेपर काढणाऱ्याची नजर बदलत नाही, पण तक्रार करायला पायाखाली जमीन तरी आली.

सुईनं नशा घेणाऱ्यांसाठी नवी सुई द्यायची, जुनी परत घ्यायची आणि ब्युप्रेनॉर्फिनसारखं तोंडानं घ्यायचं औषध देऊन सुईच सोडवायची, असा कार्यक्रम असतो. हा प्रश्न मणिपूर, नागालँड, मिझोराम, पंजाबात मोठा आहे. आपल्या गावांत तुलनेनं लहान.

रक्ताविषयी मात्र विदर्भानं जास्त सावध असायला हवं, कारण इथं सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या मुलांना वारंवार रक्त लागतं. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर १९९८ पासून बंदी आहे आणि प्रत्येक पिशवी तपासली जाते. तरी विंडो पीरियडमधल्या दात्याचं रक्त साध्या टेस्टला निसटू शकतं. २०२२ मध्ये नागपुरात थॅलेसेमियाच्या मुलांना रक्तातून एचआयव्ही झाल्याची बातमी आली, तेव्हा हेच डोळ्यांपुढे आलं. नॅट नावाची टेस्ट हा काळ कमी करते. आणि धोका पत्करून आलेल्या माणसानं "फुकट टेस्ट होते" म्हणून रक्तदान शिबिरात रक्त देऊ नये. टेस्ट आयसीटीसीतही फुकटच आहे.

गोळी हाही प्रतिबंधच

पूर्वी उपचार वेगळा आणि प्रतिबंध वेगळा मानायचे. १ एप्रिल २००४ पासून सरकारनं फुकट एआरटी, म्हणजे विषाणू दाबून ठेवणारी औषधं, सुरू केली, तेव्हा आधी रक्तातल्या सीडी४ ह्या संरक्षक पेशी पुरेशा घसरेपर्यंत थांबायला सांगत. २०१७ पासून रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की लगेच औषध. बहुतेकांना आता दिवसाला एक गोळी पुरते. ती नियमित घेतली आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, इतका खाली गेला की मशीनला विषाणू सापडत नाही, तर अशा माणसाकडून लैंगिक संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. हे हजारो जोडप्यांच्या अभ्यासातून सिद्ध झालेलं आहे. म्हणून त्या क्लिनरची टेस्ट वेळेवर झाली असती आणि गोळी सुरू असती, तर बायको निगेटिव्ह राहिली असती. ताईंच्या प्रश्नाचं सगळ्यात छोटं उत्तर हे आहे.

अपघात झालाच, म्हणजे कंडोम फाटला, बलात्कार झाला, सिस्टरला सुई टोचली, तर ७२ तासांच्या आत पेप, म्हणजे लागण रोखणारा औषधांचा कोर्स, सुरू करता येतं. जितक्या लवकर तितकं चांगलं, पहिल्या दोन तासांत सगळ्यात उत्तम. औषध २८ दिवस घ्यायचं. ७२ तास ऐकायला पुष्कळ वाटतात, पण शनिवारी रात्री गावातून निघून सोमवारी तालुक्याला पोचलं तर अर्ध्याहून जास्त गेलेले असतात. धोका सतत असणाऱ्यांनी आधीच गोळी घ्यायची, त्याला प्रेप म्हणतात. आपल्याकडे ते अजून फार थोड्यांपर्यंत पोचलं आहे. सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं लेनाकापाविर हे इंजेक्शन २०२५ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. त्याआधी दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेणाऱ्या दोन हजारांहून जास्त मुली-बायकांपैकी एकीलाही लागण झाली नव्हती. रोज गोळी लपवावी लागणाऱ्या बाईसाठी ह्याचा अर्थ काय, ते शहरातल्या माणसाला पटकन कळणार नाही.

गावात सगळ्यात मोठी अडचण औषधाची नसते, ओळखीची असते. कंपाउंडर गावचा, लॅबवाला मेहुण्याचा मित्र, ऑटोवाला भाचा. म्हणून लोक जवळचं केंद्र सोडून दोन बस बदलून दुसऱ्या जिल्ह्यात गोळ्या आणायला जातात, आणि मजुरी बुडते म्हणून एखाद्या महिन्यात जात नाहीत. गोळी चुकली की विषाणू पुन्हा वर येतो. ज्या केंद्रांनी व्यवस्थित चालणाऱ्या रुग्णांना दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या, तिथं लोक टिकले. कुणाचा रिपोर्ट संमतीशिवाय सांगायला त्या २०१७ च्या कायद्यानं मनाई आहे. नोकरी, शाळा, दवाखाना, कुठंही ह्या कारणानं अडवता येत नाही. विचारायचं असेल तर १०९७ ह्या फुकट नंबरवर मराठीतही बोलता येतं, आणि तिथला माणूस तुमच्या गावचा नसतो.

ती क्लिनरची बायको पुढे दर महिन्याला यायची. नवरा पण येऊ लागला, सुरुवातीला गेटच्या बाहेर उभा राहून. गोळ्यांच्या डब्या ती गव्हाच्या कोठीत ठेवायची. लेबल सोललेलं असायचं. गोळ्या दुसऱ्या डब्यात काढू नका, ओल लागते, असं मीच सांगितलं होतं. एकदा मी डबी उघडून पाहिली तर आत वरून कापसाचा बोळा दाबलेला. मी विचारलं, हा कशाला?

"डबी हलली का वाजते सर. सासू मांगं सैपाकघरात असते."